स्वस्तातला क्लोज्ड-बॅक हेडफोन: एकाच मॉडेलबद्दल दोन टोकांचे अनुभव का?

प्रश्न थोडक्यात असा: घरच्या घरी आवाज रेकॉर्ड करायला आणि एरवी गाणी ऐकायला कमी किमतीतला, कान पूर्ण झाकणारा क्लोज्ड-बॅक (म्हणजे कपाची मागची बाजू बंद असलेला) हेडफोन घ्यायचाय. पण वापरणाऱ्यांचे अनुभव वाचायला बसलं की डोकं चक्रावतं. एकाच मॉडेलबद्दल एक जण लिहितो की बास अंगावर येतो, दुसरा म्हणतो बासचा पत्ताच नाही. एकाचा वर्षानुवर्षं टिकलाय, दुसऱ्याचा बघता बघता भुगा झालाय. विचारणाऱ्याला चष्मा आहे आणि फोनवरही तोच हेडफोन चालवायचाय. मग खरं कोण बोलतंय?

बहुतेक वेळा दोघंही. माझं काम रेकॉर्डिंगचं, आणि त्याच्या जोडीला हेडफोन उघडून दुरुस्त करायचं. दोन्हीकडून बघून माझं मत असं झालंय की स्वस्त क्लोज्ड-बॅकच्या बऱ्या-वाईट आवाजात मोठा वाटा पॅड कानाभोवती किती चपखल बसला याचा असतो, आणि आयुष्य ठरतं ते पॅडच्या आवरणावर आणि वायरच्या पिनजवळच्या टोकावर. त्यामुळे अनुभव वाचताना तो हेडफोन कुणाच्या डोक्यावर, कशाला जोडून आणि किती जुन्या पॅडनिशी वाजलाय हे आधी शोधावं. बाकीचं नंतर.

बासपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथेच. क्लोज्ड-बॅकमध्ये ड्रायव्हरच्या, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरच्या, पडद्याच्या पुढे हवेची एक छोटी पोकळी तयार होते. एका बाजूला ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला तुमचा कान, कडेने पॅड. पडदा पुढे-मागे होतो तशी ही हवा दाबली जाते, आणि खालचे स्वर आपल्याला ऐकू येतात ते या दाबामुळे. पॅडखाली कुठे फट राहिली की दाब तिथून निसटतो. वरच्या स्वरांना त्याने फारसा फरक पडत नाही. पण साधारण २०० हर्ट्झच्या खाली आवाज उतरायला लागतो आणि अगदी तळाला १० डेसिबल किंवा त्याहूनही जास्त गायब होऊ शकतो. १० डेसिबल म्हणजे ऐकणाऱ्याला जवळजवळ निम्मा आवाज. म्हणजे तोच हेडफोन, तेच गाणं, आणि एका डोक्यावर भरदार वाजणारा ढोल दुसऱ्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा.

फट पडायला फार काही लागत नाही. चष्म्याची जाड काडी पुरते. दाट केसांची बट पॅडखाली आली तरी पुरते. बऱ्याच जणांना कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या मागे थोडा खळगा असतो. पॅड कडक असेल तर तो तिथे टेकतच नाही. नवीन पॅड पहिले काही दिवस ताठ असतात, म्हणून नवाकोरा हेडफोन "पातळ" वाटतो आणि थोडा वापर झाल्यावर "खुलतो". लोक याला ब्रेक-इन म्हणतात आणि श्रेय ड्रायव्हरला देतात. मला त्यात पॅड मऊ पडणं आणि कान सरावणं याव्यतिरिक्त काही विशेष आढळलेलं नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. ५० हर्ट्झच्या आसपासचा सलग स्वर हळू आवाजात लावा आणि दोन्ही कप तळव्यांनी अगदी हलके आत दाबा. आवाज एकदम वाढला तर पॅड नीट बसत नाही. मग एकेका कपाखाली, कानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवून बघा, फट कुठे आहे ते कळतं. चष्मा असेल तर तो काढून पुन्हा हेच करा. दोन्ही वेळच्या आवाजातला फरक म्हणजे चष्म्यामुळे होणारं नुकसान. बारीक धातूची काडी आणि मऊ फोमचा जाड पॅड ही जोडी जमली तर ते जाणवत नाही; जाड प्लॅस्टिकची काडी आणि पातळ पॅड असेल तर हेडफोन कितीही चांगला असो, तुमच्यापुरता तो बासशिवायचाच. काडी जरा वर, कानाच्या टोकाजवळ उचलून घेतली की काहींना फायदा होतो. कानात पॅडच्या कडेला टेकणारं काही घातलं असेल तर ते काढून ठेवलेलंच बरं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे हेडबँडचा दाब. सेनहायझरच्या एचडी २८० प्रोबद्दल वाचा: अर्धे लोक म्हणतात बाहेरचं काही ऐकू येत नाही, अर्धे म्हणतात तासाभरात कानशिलं दुखतात. दोन्ही तक्रारींचं मूळ एक. त्याचा दाब सुमारे ६ न्यूटन आहे, आणि बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवल्याचा कंपनीचा दावा त्याच दाबावर उभा आहे. डोकं रुंद असेल तर दाब आणखी वाढतो, अरुंद असेल तर तोच हेडफोन सुखाचा. अनुभव लिहिणारा आपल्या डोक्याचा घेर कधी सांगत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

दाब कमी करायला लोक हेडफोन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून रात्रभर ठेवतात. आत पोलादी पट्टी असेल तर चालतं, पण आधी स्वतःच्या डोक्यापेक्षा जेमतेम रुंद गठ्ठा घ्यावा आणि हळूहळू वाढवावा. पट्टी संपूर्ण प्लॅस्टिकची असेल तर या फंदात पडू नये. ताणलेलं प्लॅस्टिक लगेच तुटत नाही. स्क्रूच्या भोकापाशी केसाएवढी चीर पडते आणि काही महिन्यांनी हेडफोन उचलताना हातात दोन तुकडे येतात. शिवाय दाब फार कमी केलात तर फट पडून बास जाणार, हे ओघानं आलंच.

आवाज अडवण्याबद्दल आणखी एक. ३२ डेसिबल हा "पर्यंत"वाला आकडा वरच्या स्वरांचा असतो. बोलणं, भांड्यांचा खणखणाट, कीबोर्डची टकटक क्लोज्ड-बॅक चांगली थोपवतो. पंख्याची घरघर, इंजिनाचा गुरगुराट, शेजारून येणारा बास मात्र पॅडमधून आणि कपाच्या प्लॅस्टिकमधून आत येतोच. तिथे फक्त नॉइज कॅन्सलिंगवाला हेडफोन काम करतो, आणि ते वेगळं यंत्र झालं. प्रवासासाठी म्हणून साधा क्लोज्ड-बॅक घेऊन नाराज झालेले लोक खूप दिसतात, त्यांची नाराजी खरी आहे, पण ती हेडफोनच्या गुणवत्तेबद्दल फारसं सांगत नाही.

आता किमतीचा आणि आवाजाचा संबंध. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन-इअरफोनच्या फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सची त्यांच्या किमतीशी तुलना केली आणि दोघांत काही संबंध आढळला नाही. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणजे कोणते स्वर किती उठून येतात आणि कोणते मागे पडतात तो नकाशा. माझ्या कामातही हेच दिसतं: स्वस्त हेडफोन "खराब वाजतो" असं सरसकट काही नसतं. जास्त पैसे मोजल्यावर बहुतेक वेळा बांधणी, आराम, सुटे भाग आणि दोन कपांमधला सारखेपणा मिळतो. खोक्यावरच्या आकड्यांपैकी ड्रायव्हरचा व्यास आणि "५ ते ४०,००० हर्ट्झ" हे दोन खुशाल सोडून द्या. ४० मिमीचा ड्रायव्हर ५० मिमीवाल्याला सहज मागे टाकू शकतो, आणि किती डेसिबलच्या फरकात ते न सांगता दिलेली हर्ट्झची व्याप्ती निव्वळ सजावट आहे. माणसाला तसंही २०,००० च्या वरचं ऐकू येत नाही.

ओहमचा आकडा, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा विरोध (इम्पीडन्स), मात्र वाचण्यासारखा आहे, फक्त एकटा वाचू नये. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा आवृत्त्यांत मिळत आला आहे. "आवाजच येत नाही" अशी तक्रार करणाऱ्याने बहुधा २५०वाला घेऊन फोनला लावलेला असतो, आणि "घर दणाणलं" म्हणणाऱ्याकडे ३२वाला असतो. पण ओहम जास्त म्हणजे आवाज कमी, असा सरळ हिशेब नाही. कंपन्यांनी दिलेल्या आकड्यांवरून बघा: सोनीचा एमडीआर-७५०६ हा ६३ ओहमचा आणि एका मिलीवॅटला १०६ डेसिबलचा, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स ४७ ओहमचा आणि ९६ डेसिबलचा. एका व्होल्टवर गणित मांडलं तर पहिला साधारण ११८ डेसिबलला जातो, दुसरा १०९ ला. म्हणजे ओहम जास्त असूनही सोनी फोनवर ठळकपणे मोठा वाजतो. संवेदनशीलतेचा आकडा, म्हणजे ठरावीक विजेवर किती मोठा वाजतो तो डेसिबलचा आकडा, प्रति मिलीवॅट दिलाय की प्रति व्होल्ट, हे न बघता दोन हेडफोनची तुलना केली की घोळ होतोच.

हेडफोन ज्याला जोडला त्या फोनचा किंवा अॅम्पचा आणखी एक परिणाम फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. हेडफोनच्या जॅकलाही स्वतःचा इम्पीडन्स असतो. तो हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा असा सर्वसाधारण नियम आहे. फोन आणि चांगल्या डोंगलमध्ये (जॅक नसलेल्या फोनला हेडफोन जोडायचा छोटा तुकडा) तो एखाद-दुसरा ओहम असतो, त्यामुळे प्रश्न येत नाही. काही जुन्या अॅम्प्लिफायरच्या जॅकवर तो शंभराच्या पुढे असतो. हेडफोनचा स्वतःचा इम्पीडन्स खालच्या स्वरांपाशी कुठेतरी उंचावलेला असतो, आणि अशा जॅकवर नेमका तोच भाग फुगून येतो. "माझ्या जुन्या अॅम्पवर याचा बास फार धडधडतो" असं लिहिणारा माणूस खोटं बोलत नाहीये. त्याचा अॅम्प बोलतोय.

टिकाऊपणाकडे वळतो. दुरुस्तीला येणाऱ्या हेडफोनमध्ये ड्रायव्हर जळालेले फार कमी असतात. येतात ते सोललेले पॅड आणि तुटलेल्या वायरी.

पॅडचं काळं आवरण चामड्यासारखं दिसलं तरी स्वस्त हेडफोनमध्ये ते बहुधा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतं. हवेतला दमटपणा या थराचे रासायनिक बंध हळूहळू तोडतो. घाम आणि त्वचेचं तेल त्या कामाला हातभार लावतात. आधी आवरण किंचित चिकट लागतं, मग त्यावर बारीक जाळी दिसते, मग काळे कपचे गालावर, मानेवर, उशीवर. ही प्रक्रिया हेडफोन न वापरताही चालू असते, त्यामुळे "कपाटात जपून ठेवला होता तरी सोलला" हा अनुभव अगदी खरा असतो. स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पॅड पुसणारे लोक हे दिवस स्वतःहून जवळ आणतात. वापरानंतर कोरड्या मऊ कापडाने घाम टिपून घ्या, उघड्यावर वाळू द्या, इतकंच पुरे.

सोललेला पॅड फक्त वाईट दिसत नाही. आवरण गेलं की खालच्या फोममधून हवा झिरपते, फोम चपटा झालेला असतो, कान ड्रायव्हरच्या जवळ येतो. बास जातो आणि वरचे, 'स'सारखे आवाज टोचायला लागतात. जुन्या हेडफोनबद्दल "आता याचा आवाज बिघडला" असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना नवे पॅड हवे असतात, नवा हेडफोन नको.

पॅड बदलणं घरी जमतं. बहुतेक मॉडेलमध्ये पॅडच्या मागे कापडी किंवा रेक्झिनची एक झालर असते, ती कपाच्या कडेच्या खाचेत सरकवलेली असते. जुना पॅड एका बाजूने उचलून ओढला की निघतो. नवा बसवताना झालरीचा थोडा भाग खाचेत अडकवा, तो अंगठ्याने धरून ठेवा आणि जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कोपऱ्याने बाकीची झालर गोलाकार आत ढकलत न्या. शेवटचा दोन बोटांचा भाग त्रास देतो. तिथे जोर लावला तर झालर फाटते, म्हणून अर्ध्यावर थांबून पॅड थोडा फिरवून ताण वाटून घ्यायचा. धातूचं टोकदार काही वापरू नका. ड्रायव्हरचा पडदा जाळीच्या लगेच मागे असतो आणि कागदापेक्षा पातळ असतो.

मात्र कुठलेही पॅड लावले तरी चालतं, असं समजू नका. जाड पॅड कान लांब नेतो, मखमली पॅड हवा झिरपू देतो म्हणून बास आणि आवाजबंदी दोन्ही कमी होतात, आतलं भोक मोठं झालं तर पोकळी बदलते. गरमीचा त्रास होणाऱ्यांना मखमल सुखाची वाटते आणि डीटी ७७० प्रोच्या ८० आणि २५० ओहमच्या आवृत्त्या तर मखमलीसकटच येतात, पण त्या तशा पॅडसाठीच जुळवलेल्या आहेत. दुसऱ्या मॉडेलवर मखमल चढवून मग "बास गेला" असं लिहिणारे अनुभव बाजूला ठेवा. कंपनीचे मूळ पॅड मिळत असतील तर तेच घ्या, नाहीतर त्याच जाडीचे आणि त्याच आवरणाचे.

याच कारणाने मी जुन्या, वर्षानुवर्षं तसेच बनत आलेल्या मॉडेलकडे झुकतो. ७५०६ हा १९९१ पासूनचा, डीटी ७७० हा १९८५ पासूनचा, सेनहायझरचा एचडी २५ हा १९८८ पासूनचा. शेवटचा कानावर टेकणारा आहे, कान झाकणारा नव्हे, पण त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो. यांचे पॅड दहा वर्षांनीही मिळतील याची खात्री वाटते. चकचकीत नव्या नावाच्या हेडफोनचा आवाज आज कितीही गोड असला तरी दोन वर्षांनी त्याचे पॅड कुठून आणणार?

आता वायर. ती बहुतेक वेळा पिनच्या रबरी मानेपाशी किंवा कपात शिरते तिथे तुटते, कारण वाकणं तिथेच होतं. लक्षणांवरून बिघाड ओळखता येतो. एकाच कानाचा आवाज गेला आणि वायर हलवल्यावर मधूनच येतो, तर त्या कानाची तार तुटतेय. दोन्ही कानांना आवाज येतोय पण गायक कुठेतरी विहिरीत गेलाय, वाद्यं पोकळ आणि लांबून येतायत, असं झालं तर दोघांची सामाईक तार, म्हणजे ग्राउंड, तुटलेली असते. अशा वेळी दोन्ही ड्रायव्हर एकापाठोपाठ एक जोडल्यासारखे होतात आणि डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. मधोमध मिसळलेला गळा दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे वजा होऊन जातो. लोक याला "हेडफोनचा आवाज अचानक विचित्र झाला" म्हणून रेटिंगमध्ये एकच स्टार देतात. पिन पूर्ण आत गेली नसेल तरीही असंच ऐकू येतं, त्यामुळे आधी पिन काढून, फोनचं कव्हर आडवं येतंय का बघून, पुन्हा घट्ट बसवा.

ग्राउंडच तुटली असेल तर वायर दोनेक इंच कापून नवी पिन लावावी लागते. आतल्या तारा केसांसारख्या बारीक, रंगीत वार्निश चढवलेल्या आणि मजबुतीसाठी धाग्याबरोबर पिळलेल्या असतात. बहुधा लाल उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांबूस ग्राउंड. पण मीटर लावून खात्री करून घ्यावी. वार्निश जळल्याशिवाय सोल्डर धरतच नाही. तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन त्यात तारेचं टोक बुडवून धरलं की थोडा धूर निघतो, वार्निश जातं आणि टोक चंदेरी होतं. ते चंदेरी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. पिनचं टोक म्हणजे डावा, मधली कडी उजवा, मुळाशी ग्राउंड. जोडण्याआधी पिनचं झाकण वायरीत ओवून ठेवा, हे सांगायला नको, तरी सांगतो.

हे सगळं टाळायचं तर वायर सुटी होणारा हेडफोन घ्या. ऑडिओ-टेक्निकाचे एम४०एक्स आणि एम५०एक्स असे आहेत; त्यांची कपाकडची पिन २.५ मिमीची, फिरवून अडकणारी आहे, त्यामुळे दुसरी कुठलीही वायर बसेलच असं नाही, पण सुटी वायर मिळते. एम२०एक्स आणि एम३०एक्सची वायर कायमची जोडलेली. ७५०६ची वायर गुंडाळीची, जड आणि कायमची. टेबलाशी बसून काम करताना ती उत्तम. फोन खिशात ठेवून फिरताना ती एका बाजूने डोकं ओढते.

ड्रायव्हर फाटलाय म्हणून माझ्याकडे येणाऱ्या हेडफोनांपैकी कितीतरींमध्ये फक्त एक केस सापडतो. बासवर फर्रर्र असा आवाज येतो, बाकी सगळं स्वच्छ. पॅड काढा, जाळीवरचा पातळ फोम उचला आणि उजेडात तिरकं धरून बघा. पडद्याला टेकलेला बारीक केस दिसतो, कधी अर्ध्या नखाएवढा. चिमट्याने त्याचं जाळीबाहेरचं टोक धरून काढा. चिमटा आत घालू नका आणि फुंकर तर अजिबात मारू नका. कप डोक्यावर चढवताना कट्ट असा आवाज येतो तो वेगळा: आत दाबल्या गेलेल्या हवेने पडदा क्षणभर वाकतो. अधूनमधून आला तर घाबरू नका. प्रत्येक वेळी येत असेल तर परत करण्याच्या मुदतीतच परत करा.

त्या मुदतीत करायची खरी तपासणी दोन कपांच्या सारखेपणाची. स्वस्त हेडफोनमध्ये एक नग आणि दुसरा नग यांत सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. बोलण्याचा मोनो, म्हणजे दोन्ही कानांना सारखाच, आवाज लावा. तो डोक्याच्या बरोबर मध्ये यायला हवा. एका बाजूला झुकला तर हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. झुकाव दुसऱ्या बाजूला गेला तर दोष हेडफोनचा. त्याच बाजूला राहिला तर तुमच्या कानाचा, किंवा त्या बाजूला चष्म्याने फट पाडलीय. मग २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा स्वर ऐका. मधेच कुठे खरखर, थरथर किंवा एका बाजूने दुसरीकडे उडी ऐकू येता कामा नये. लोकप्रिय मॉडेलच्या हुबेहूब नकला बाजारात असतात, ७५०६ आणि एम५०एक्सच्या तर हमखास. त्या या तपासणीत बहुधा उघड्या पडतात. म्हणून फार वाईट अनुभव वाचताना तो माणूस अस्सल मालाबद्दल बोलतोय का, हीही शंका घ्यावी.

रेकॉर्डिंगबद्दल थोडं. गाताना क्लोज्ड-बॅक लागतो तो कानात वाजणारा ट्रॅक माइकमध्ये गळू नये म्हणून. तरी थोडं गळतंच, आणि सगळ्यात जास्त गळतो तो क्लिक, म्हणजे तालासाठी वाजणारी टिकटिक, कारण त्याचं टोक तीक्ष्ण असतं. क्लिकचा आवाज जरा खालच्या स्वराचा, लाकडी ठेवलात तर निम्मं काम होतं. कान दोन्हीकडून बंद झाल्यावर स्वतःचा गळा डोक्यात घुमल्यासारखा ऐकू येतो आणि सूर चुकतो, म्हणून गायक एक कप मागे सरकवतात. तसं करायचं तर त्या बाजूचा आवाज मिक्सरमध्ये बंद करा, नाहीतर मोकळा कप थेट माइकमध्ये वाजतो. ब्लूटूथवर हे काम होत नाही. नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज शंभर-दीडशे मिलिसेकंद किंवा त्याहूनही उशिरा पोहोचतो. गाणी ऐकताना ते कळत नाही, पण स्वतःचा गळा एवढा मागून आला तर गाणं थांबवावं लागतं.

मिक्स करताना, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवताना, स्वस्त क्लोज्ड-बॅकवर पूर्ण भिस्त ठेवू नका. ७५०६ वरच्या स्वरांत उजळ आहे. चुका, खरखर, तोंडाचे आवाज पकडायला तो छान, पण त्यावर तासन्‌तास मिक्स केलं की कान थकतात आणि मिक्स मंद होतं, कारण तुम्ही नकळत वरचे स्वर कापत जाता. ऐकण्यापुरतं म्हणाल तर फोनमधल्या इक्वलायझरने वरचे दोन-तीन डेसिबल उतरवले की बऱ्याच तक्रारी मिटतात. ज्या स्वस्त हेडफोनची विकृती (डिस्टॉर्शन, आवाज फाटणं) कमी आहे तो इक्वलायझरने खूप सुधारतो. चष्म्याच्या फटीतून गेलेला बास मात्र इक्वलायझरने आणायला जाऊ नका. ड्रायव्हर उगाच ताणला जातो आणि चष्मा काढलात की डोकं दणाणतं.

क्लोज्ड-बॅकचा एक खरा फायदा आवाज कमी ठेवता येण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा आहे आणि लहान मुलांसाठी तेवढ्याच वेळाला ७५. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा: ८३ ला २० तास, ८६ ला १०. गोंगाटात उघड्या हेडफोनवर आवाज आपोआप चढवला जातो, बंदवर तेवढी गरज पडत नाही. पण पॅड गळका असेल तर माणूस बास शोधत आवाज वाढवत राहतो, आणि वाढतात ते वरचे स्वर.

मग अनुभव वाचायचे कसे? पहिल्या आठवड्यातलं कौतुक मी वाचतच नाही. वर्ष उलटलेल्यांचं वाचतो, आणि त्यातही एकच गोष्ट वेगवेगळ्या माणसांनी सांगितलीय का बघतो. हेडबँड नेमका त्याच जागी चिरतोय असं पाच जण म्हणत असतील तर तो रचनेचा दोष. पॅड सोलले हे सगळ्यांनाच होतं, त्यावरून मॉडेल नाकारू नका. नवे मिळतात का तेवढं बघा. "बास नाही" असं लिहिणाऱ्याने चष्म्याचा किंवा कशाला जोडलं त्याचा उल्लेख केलेला नसेल तर त्याचं मत शून्य धरा. "कान आत टेकतो" हे मात्र गंभीरपणे घ्या. एम५०एक्ससारख्या उथळ पॅडच्या मॉडेलबद्दल मोठ्या कानांचे लोक हे सतत सांगतात, आणि कानाचा आकार काही सरावाने बदलत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर चष्मा, आवाजाचं रेकॉर्डिंग आणि फोन या तिन्ही गोष्टी धरून मी एम४०एक्स आधी बघीन. वायर सुटी होते, फोनवर पुरेसा वाजतो, पॅड पातळ वाटले तर त्याच घाटाचे जरा मऊ पॅड मिळतात. घरात गोंगाट असेल आणि माइकमध्ये काहीच गळायला नको असेल तर एचडी २८० प्रो, पण तो चष्मा लावून निदान अर्धा तास डोक्यावर ठेवल्याशिवाय घेऊ नका. त्याचा दाब चष्म्याच्या काडीवरच पडतो. ७५०६ तुम्ही मुख्यतः टेबलाशी बसून रेकॉर्डिंग तपासणार असाल तरच. फोनला जॅक नसेल तर साधं यूएसबी-सी डोंगल या तिघांनाही पुरतं, वेगळा अॅम्प घेऊ नका. त्या पैशातून पॅडची एक जादा जोडी घेण्याचा विचार असेल तर तीही आत्ता नको, ठेवल्या जागीही ते सोलतातच; जुने चिकट लागायला लागले की मागवा.